वंदनेत सूर मिळवणारं कुणीतरी हवं

"मुलगी मस्कतहून नागपूरला व्हीएनआयटीत शिकायला आली. घरी आम्ही रोज संध्याकाळी मिळून बुद्धवंदना घ्यायचो. आता ती म्हणते, आई, एकटीनं म्हणताना मी मधेच थांबते." – एक आई

ताई, जय भीम.

"मधेच थांबते" वाचलं आणि गलबलून आलं. पाठांतरात तिचं काही अडत नाही, सोबत सूर मिळवणारं कुणी नाही.

दीक्षाभूमी तिच्या कॉलेजपासून जवळच आहे, ती जाऊनही आली असेल. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, तिथल्या स्तूपात बसलं की मन निवतं. पण तिथे रोज चेहरे नवे. ती महिनाभर गेली नाही, तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही. म्हणून तिला वस्तीतला एखादा लहान विहार शोधायला सांगा. तिथली एखादी म्हातारी उपासिका दुसऱ्याच रविवारी विचारते, "मागच्या वेळी दिसली नाहीस गं पोरी?"

वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला धम्म-अभ्यासाचा काळ, तर सोडूच नये. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत इथल्या कित्येक विहारांत संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं आणि कॉलेजचं नवं वर्षही साधारण त्याच सुमाराला सुरू होतं. नव्या मुलीच्या हातीही कधी ग्रंथ दिला जातो. परदेशात वाढलेली मुलं मराठी वाचताना अडखळतात, त्याची तिला लाज वाटू देऊ नका. चार बाया शब्द सांगतील, पान पुढे सरकेल, आणि त्या चौघी तिच्या ओळखीच्या होतील.

पहिल्यांदा मैत्रिणीला सोबत न्यावं, होस्टेलला परतायची वेळ आधी बघून ठेवावी. परीक्षेमुळे आली नाही म्हणून रागावणारी, पैशासाठी मागे लागणारी किंवा इतर मित्रमैत्रिणींपासून तोडणारी मंडळी भेटली, तर तिने तिथून निघून यावं. त्यात धम्माचा अवमान नाही.

आणि ताई, झोप उडाली, जेवण तुटलं, रडू आवरेना, तर वंदनेवर भागवू नका. कॉलेजच्या समुपदेशकाला भेटायला लावा. मनाच्या त्रासात मदत करणाऱ्या टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांकही तिच्या फोनमध्ये असू द्या.

रविवारी मस्कतला सकाळचे साडेसहा वाजले की इथे आठ होतात. तेव्हा फोनवर मिळून त्रिशरण-पंचशील म्हणा. पुढे कधी विहाराची वंदना त्याच वेळी आली, तर त्या दिवशी फोन करू नका. तिला जाऊ द्या.