वाचकांचे प्रश्न : कॅम्परमधला टीव्ही आणि फुकटची छत्री

कॅम्पर घेऊन फिरणाऱ्या वाचकांनी टीव्हीबद्दल विचारलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून थोडे आटोपशीर केले आहेत.

प्रश्न (नाशिक) : ट्रॅव्हलरचा कॅम्पर करून घेतला आहे. वर्षातून पंधरा-वीस दिवस बाहेर असतो. घरचा डीटीएच बॉक्स सोबत न्यावा, की वेगळी जोडणी घ्यावी? खर्च कमीत कमी हवा.

वेगळा बॉक्स ठेवा, आणि तो डीडी फ्री डिशचा ठेवा. प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४ पासून चालू आहे. तिला महिन्याचा रिचार्ज नाही की कार्ड नाही. पंधरा दिवसांच्या प्रवासासाठी वर्षभर पैसे भरण्यात काही अर्थ नाही. घरचा बॉक्स दुसऱ्या छत्रीवर (म्हणजे डिश अँटेनावर) चालतो, कारण वर्गणी बॉक्सशी बांधलेली असते, छत्रीशी नाही. पण बहुतेक कंपन्यांच्या अटींनुसार जोडणी नोंदवलेल्या पत्त्यावरच वापरायची असते. शिवाय दर सहलीला घरातल्या टीव्हीमागची गुंतागुंत सोडवायची आणि परत आल्यावर पुन्हा जोडायची, हा उद्योग दोनदा केला की तिसऱ्यांदा कोणी करत नाही.

छत्री, एलएनबी (छत्रीसमोर बसणारा, सिग्नल पकडणारा डबा) आणि बॉक्स मिळून २,००० रुपयांच्या आसपास काम होते. दुकानात तीन गोष्टी बघून घ्या. बॉक्स एमपेग-४ आणि डीव्हीबी-एस२ या नव्या प्रक्षेपण पद्धतींचा हवा. जुना एमपेग-२ बॉक्स स्वस्तात मिळतो, पण त्यावर निम्मी मजा जाते. बॉक्सला बाहेरचा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर असावा. थेट २३० व्होल्टची वायर असलेला बॉक्स कॅम्परसाठी घेऊ नका, कारण पुढे बॅटरीच्या हिशोबात तो महागात पडतो. तिसरी गोष्ट, छत्री ६० सेंटिमीटरचीच घ्या. जागा वाचते म्हणून लोक ४५ची मागतात, पण तिचे क्षेत्रफळ जेमतेम ५६ टक्के भरते, म्हणजे सिग्नल अडीच डेसिबलने कमी. निरभ्र आकाशात फरक जाणवत नाही. पावसाची पहिली सर आली की जाणवतो.

सह्याद्री वाहिनी असतेच. खासगी वाहिन्यांच्या जागा मात्र लिलावाने दिल्या जातात आणि साधारण १ एप्रिलला यादी बदलते. मे महिन्यात निघण्यापूर्वी एकदा नव्याने स्कॅन करा, नाहीतर "वाहिनी गेली" म्हणून उगाच छत्री हलवत बसाल.

प्रश्न (कोल्हापूर) : प्रत्येक मुक्कामी छत्री लावायला तासभर जातो. डिशवाला पाच मिनिटांत लावतो. आमचे काय चुकते?

तुम्ही वर-खाली आणि डावी-उजवी अशा दोन्ही दिशांनी एकाच वेळी शोधत असणार. डिशवाला तसे करत नाही.

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला आहे. आपल्याकडून तो आग्नेयेला आणि बराच उंच दिसतो. उंचीचा कोन मुंबईत साधारण ५७.५ अंश, पुण्यात ५९, तुमच्याकडे आणि नागपुरात ६०, पणजीत ६१. म्हणजे या सगळ्या गावांत मिळून फरक साडेतीन अंशांचा. दिशा मात्र बरीच बदलते: उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजली तर पणजीत १२७ अंश, कोल्हापूरला १२९, मुंबईत १३१, पुण्यात १३२ आणि नागपुरात १४४ ते १४५. यातून निघणारी युक्ती अशी की उंची एकदा बसवायची, त्या बोल्टवर रंगाची खूण करायची आणि पुढे जवळपासच्या मुक्कामी त्याला पाना लावायचा नाही. मुक्कामी फक्त छत्री डावी-उजवी फिरवायची.

हे जमायला एकच अट आहे, पाइप ओळंब्यात हवा. पाइप तीन अंशांनी कलला असेल, तर छत्री फिरवताना तिची उंचीही बदलत जाते आणि क्लॅम्पवरची अंशांची पट्टी खोटी ठरते. ६० सेंटिमीटरची छत्री सिग्नल पकडते तो पट्टा जेमतेम तीन अंशांचा, त्यामुळे तेवढ्या चुकीने उपग्रह हातचा जातो. तुमचा तास बहुधा इथेच जातो. पाइपच्या दोन बाजूंना, एकमेकींशी काटकोनात, पाणसळ लावून बघा. गवंड्याचा ओळंबा असेल तर उत्तम. तोही नसेल तर सुतळीला नट बांधून लोंबता सोडा.

दिशा बघताना होकायंत्र, मग ते फोनमधले का असेना, गाडीपासून चार-पाच मीटर लांब न्या. पत्र्याजवळ सुई पंधरा-वीस अंश सहज फिरते. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशही फरक नाही, त्यामुळे ती दुरुस्ती करत बसू नका. १२९ अंशांवर समोर एखादा खांब, झाड, डोंगराचा कडा हेरा आणि मग छत्रीकडे या.

बॉक्सच्या सिग्नलच्या पानावर ११०९० मेगाहर्ट्‌झ, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० टाका. एलएनबीचा प्रकार युनिव्हर्सल, ९७५०/१०६०० ठेवा. आता छत्री हेरलेल्या खुणेच्या जरा डावीकडून सुरू करून बोटभर-बोटभर उजवीकडे सरकवा आणि प्रत्येक वेळी तीन सेकंद थांबा. बॉक्सला सिग्नल धरायला तेवढा वेळ लागतो. सलग फिरवलीत तर उपग्रह समोरून निघून जाईल आणि पडद्यावर काहीच हलणार नाही.

छत्री डोळ्याला दिसते त्यापेक्षा जास्त वर बघते, हेही लक्षात ठेवा. या छत्र्या ऑफसेट असतात, म्हणजे एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो. उपग्रह ५९ अंशांवर असला तरी छत्रीचा चेहरा उभ्या रेषेपासून पस्तीस अंशांच्या आसपासच मागे झुकलेला दिसतो. "एवढी कमी कशी?" म्हणून ती आणखी आडवी करणारे पुष्कळ आहेत.

सिग्नलच्या पानावर 'क्वालिटी'चा आकडा (उपग्रह सापडल्याची खूण) दिसू लागला की एलएनबी आपल्या कड्यात सावकाश फिरवून आकडा सर्वात वर जाईल तिथे थांबा. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. एलएनबीचा पीळ जागेनुसार बदलतो, पुण्याहून नागपूरला गेलात तर दहा-बारा अंशांनी. मग बोल्ट आवळा, पण पडद्याकडे बघत आवळा, कारण आवळताना छत्री हमखास थोडी सरकते.

प्रश्न (नागपूर) : स्ट्रेंथ ८५ टक्के आणि क्वालिटी शून्य. एलएनबी बदलला, तरी तेच. बॉक्स गेला का?

बॉक्स ठीक आहे, आणि जुना एलएनबीही ठीकच होता. स्ट्रेंथ म्हणजे एलएनबीकडून बॉक्सपर्यंत काहीतरी पोहोचते आहे एवढेच. त्यात एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही मोजला जातो. छत्री जमिनीकडे वळवली तरी स्ट्रेंथ येते. उपग्रह सापडला की नाही, हे क्वालिटीच सांगते. तुमची छत्री चुकीच्या जागी बघते आहे.

उलटे चित्र, म्हणजे स्ट्रेंथही शून्य असेल, तर वायर तपासा. एफ कनेक्टर (वायरच्या टोकाचा, फिरवून बसवायचा जोड) उघडून बघा: बाहेरच्या जाळीचा केसाएवढा तार मधल्या तांब्याला टेकला की एलएनबीला वीज मिळत नाही. बॉक्स बंद करून कनेक्टर नव्याने बसवा. मधली तार कनेक्टरच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर बाहेर दिसली पाहिजे.

आणि क्वालिटी आली, पण फ्री डिशच्या वाहिन्याच नाहीत, असे झाले तर तुम्ही शेजाऱ्याच्या घरी शिरला आहात. ९५ अंशांवर एका खासगी डीटीएचचा उपग्रह आहे, फक्त दीड अंशावर. छत्री केसभर उजवीकडे घ्या.

प्रश्न (रत्नागिरी) : नारळीच्या बागेत थांबलो की चित्र तुटते. पावसाळ्यात तर बघायलाच नको. मोठी छत्री लावू का?

झाडाला मोठी छत्री हे औषध नाही. झावळीतून, विशेषतः ओल्या झावळीतून, हा सिग्नल जात नाही. जागा बदला. उपग्रह उंच असल्याने फार लांब जावे लागत नाही: झाडाचे टोक छत्रीच्या जितके वर, त्याच्या साधारण ०.६ पट अंतर पुरते. वीस मीटरचा माड आग्नेयेला असेल तर बारा-तेरा मीटर मागे सरा. माडाचा पसारा धरून आणखी तीन मीटर. घाटातल्या डोंगरांची चिंता नको, साठ अंशांपर्यंत चढलेला कडा क्वचितच आड येतो. अंदाजासाठी हात सरळ लांबवून मुठीवर मूठ ठेवत जा. क्षितिजापासून सहा मुठी म्हणजे साठ अंश.

मार्च आणि ऑक्टोबरात सूर्यच मोजमाप करून देतो. पुण्याच्या आसपास १२ मार्चला सकाळी सव्वाअकराच्या सुमारास आणि १ ऑक्टोबरला अकराच्या जरा आधी सूर्य बरोबर या उपग्रहामागे येतो. त्या वेळी छत्रीवर फांदीची सावली पडली तर तीच फांदी आड येते आहे. (त्याच दिवसांत त्याच वेळी काही मिनिटे चित्र जाते, तो बिघाड नव्हे.)

पावसाचे म्हणाल तर धो-धो सरीत चित्र जाणारच. सर ओसरल्यावर दहा-पंधरा मिनिटांत परत आले तर छत्रीला हात लावू नका. पाऊस थांबून तासभर झाला आणि तरीही नाही आले, तर कनेक्टरमध्ये पाणी गेले आहे. एलएनबीच्या जोडावर रबराची स्वतःला चिकटणारी टेप गुंडाळा आणि वायरला जोडाखाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून टपकून जाईल.

प्रश्न (पुणे) : छत्री कॅम्परच्या मागच्या शिडीला कायमची बसवली तर? आणि बॅटरी किती पुरेल?

शिडीला नको. आत कोणी एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेले की स्प्रिंगवरची गाडी अंशभर डोलते आणि चित्राचे तुकडे होतात. शिवाय गाडी सावलीत हवी आणि छत्री उन्हात, म्हणून जमिनीवरचा ट्रायपॉड आणि दहा-पंधरा मीटर आरजी-६ वायर सोयीची. ट्रायपॉडच्या मधोमध वीस लिटरचा भरलेला पाण्याचा कॅन टांगा. समुद्रकिनारी याशिवाय तीन दोर खुंटांना बांधा, कारण छत्री म्हणजे शीडच.

बॉक्स साधारण १० वॅट आणि १२ व्होल्टवर चालणारा २४ इंची टीव्ही ३० वॅट धरा. रोज तीन तास म्हणजे १२० वॅट-तास, म्हणजे १० अँपिअर-तास. शंभर अँपिअर-तासाच्या लेड-ॲसिड बॅटरीतले निम्मेच वापरायचे धरले, तरी फक्त टीव्हीसाठी पाच संध्याकाळी निघतात. बॅटरी आतल्या सोयीची हवी, इंजिन सुरू करायची नव्हे. इन्व्हर्टर मध्ये घालू नका. १२चे २३० करून ॲडॉप्टरने पुन्हा १२ करायचे, यात बरीच वीज उष्णतेत जाते. मात्र बॉक्स थेट बॅटरीलाही जोडू नका. इंजिन चालू असताना तिथे १४ व्होल्टच्या वर जाते आणि स्वस्त बॉक्स तेवढे सोसेलच असे नाही. ९ ते ३६ व्होल्ट घेऊन स्थिर १२ देणारा कन्व्हर्टर बसवा आणि बॅटरीच्या अगदी जवळ ५ अँपिअरचा फ्यूज घाला.

प्रश्न (सोलापूर) : फ्री डिशवर क्रिकेट दिसते का? काही जण म्हणतात दिसते, काही म्हणतात नाही.

दोघेही बरोबर. २००७च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या स्पर्धांचे प्रक्षेपण खासगी हक्कधारकाला प्रसार भारतीला द्यावे लागते, म्हणून भारताचे एकदिवसीय आणि टी-२० सामने डीडी स्पोर्ट्‌सवर मिळतात. गंमत म्हणजे २०१७च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हे सामने दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावर आणि फ्री डिशवरच दिसतात. पैसे भरलेल्या डीटीएचवर तीच वाहिनी लावली तर सामन्याच्या वेळी दुसरे काहीतरी चालू असते. आयपीएल या कायद्यात बसत नाही.

प्रश्न (म्युनिक, जर्मनी) : इथे कॅम्पर भाड्याने घेतो. भारतातून फ्री डिशचा बॉक्स आणला तर चालेल?

नाही, जीसॅट-१५चा तो झोत भारतावर आहे. तिथे ६० सेंटिमीटरच्या छत्रीने ॲस्ट्रा हा १९.२ अंश पूर्वेचा उपग्रह धरा. म्युनिकहून तो दक्षिणेच्या किंचित पूर्वेला, ३४ अंशांवर दिसतो. त्यावर एआरडी आणि झेडडीएफ या जर्मन सार्वजनिक वाहिन्या एचडीमध्ये, कार्डाशिवाय. मराठीसाठी मात्र इंटरनेटच.

प्रश्न (ठाणे) : गाडी चालू असताना टीव्ही?

स्वतःहून उपग्रहाचा माग काढणारे घुमट मिळतात, पण त्या पैशांत फ्री डिशचे कित्येक संच येतील. परवडणारे हवे असेल तर गाडी थांबल्यावरच.