प्रश्न तुमचे : अपघात थोडे वाढले, मृत्यू दुप्पट झाले

रस्ते अपघातांबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच विषयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या तरुणपणी पुणे-सातारा रस्ता दुपदरी होता, गाड्यांचे ब्रेक बेताचे होते. आज रस्ते रुंद झाले, गाड्यांना एअरबॅग आल्या. तरी मृतांचा आकडा दरवर्षी वाढतोच. ‘वाहनं वाढली म्हणून’ एवढं उत्तर पुरतं का? (निवृत्त मुख्याध्यापक, वाई)

पुरत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे आकडे ओळीने मांडले की ते कळतं. 1970 मध्ये देशात सुमारे 1 लाख 14 हजार अपघात आणि साडेचौदा हजार मृत्यू नोंदले गेले. 2000 मध्ये अपघात सुमारे 3 लाख 91 हजार, मृत्यू जवळपास 79 हजार. 2022 मध्ये अपघात 4,61,312 आणि मृत्यू 1,68,491. म्हणजे 2000 नंतरच्या बावीस वर्षांत अपघात जेमतेम 18 टक्क्यांनी वाढले, मृत्यू मात्र दुपटीच्या वर गेले. दर शंभर अपघातांमागे 1970 मध्ये तेराच्या आसपास माणसं दगावत, 2000 मध्ये वीस, 2022 मध्ये छत्तीस. प्रत्येक अपघात जास्त जीवघेणा होत चालला आहे, आणि केवळ वाहनांच्या संख्येने याचा उलगडा होत नाही.

यातला काही भाग नोंदीचा आहे, तो आधी बाजूला काढू. खरचटण्यावर, पत्रा चेपण्यावर निभावलेला अपघात आपल्याकडे जागच्या जागी ‘मिटवला’ जातो, पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचत नाही. केरळमध्ये 2022 ला 43,910 अपघात आणि 4,317 मृत्यू नोंदले, महाराष्ट्रात 33,383 अपघात आणि 15,224 मृत्यू. आपल्याकडे अपघात कमी आणि मृत्यू साडेतीनपट, यावर जसाच्या तसा विश्वास ठेवणं कठीण आहे. केरळात किरकोळ अपघातही लिहिला जातो, सलग वस्तीमुळे वेगही कमी राहतो. म्हणून दोन राज्यांची तुलना करताना अपघातांचा आकडा सोडून मृत्यूंचा आकडा बघावा. तोही पूर्ण असतोच असं नाही. 2021 साठी जागतिक आरोग्य संघटनेचा भारताबद्दलचा अंदाज सुमारे 2 लाख 16 हजार मृत्यूंचा आहे, सरकारी नोंद 1,53,972 ची.

उरलेलं कारण वेगात आहे. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, चालकाला भान येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. ताशी 60 किलोमीटर वेगाची कार सुमारे 45 मीटरमध्ये थांबते, 80 ची 69 मीटरमध्ये, 100 ची 97 मीटरमध्ये, 120 ची जवळपास 130 मीटरमध्ये. आता 80 ची गाडी जिथे पूर्ण थांबली त्याच जागेवर 100 ने आलेली गाडी बघा. तिचा वेग अजून ताशी सुमारे 71 किलोमीटर असतो. वेगात फरक वीसचा, आणि एक गाडी थांबलेली असताना दुसरी माणूस मारण्याइतक्या वेगात! पाऊस पडत असेल तर हेच अंतर दीडपटीच्या घरात जातं.

रस्ता रुंद झाला की वेग वाढतो, पण त्याच रस्त्यावर दुचाकी, पायी चालणारा, सायकल आणि बैलगाडी असतेच. 2022 च्या मृतांत दुचाकीवरचे 44.5 टक्के आणि पादचारी 19.5 टक्के होते. एअरबॅगचा या दोघांना उपयोग काय? देशातल्या एकूण रस्त्यांत राष्ट्रीय महामार्गांची लांबी दोन टक्क्यांच्या आसपास, पण 36 टक्के मृत्यू त्यांच्यावर होतात.

प्रश्न : बातमीत ठरलेलं वाक्य असतं, ‘चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने’. दर वेळी चूक चालकाचीच असते का? (स्थापत्य पदविकेची विद्यार्थिनी, लातूर)

सरकारी अहवालातही 2022 चे 71 टक्के मृत्यू ‘अतिवेग’ या एका रकान्यात जातात. हा रकाना पोलिसांच्या नोंदीवरून भरला जातो आणि गुन्हा कोणावर दाखल करायचा हा तिथला मुख्य प्रश्न असतो. साइडपट्टी रस्त्यापेक्षा वीतभर खाली होती, पुलाच्या तोंडाशी तीन लेनच्या दोन झाल्या आणि आधी फलक नव्हता, कठड्याचं टोक भाल्यासारखं उघडं होतं, या गोष्टींवर गुन्हा दाखल होत नाही, म्हणून त्या नोंदीत फारशा उतरत नाहीत. 2022 चे सुमारे दोन तृतीयांश अपघात सरळ रस्त्यावर झाले. ‘धोकादायक वळण’ एवढाच फलक लावून थांबणाऱ्या खात्याने हे वाचायला हवं.

चालकाची चूक नसते असं नाही. पण अपघात का झाला आणि माणूस का मेला, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर कार कठड्याला धडकली, उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले गृहस्थ गेले. पुढच्या दोघांनी पट्टा लावला होता, ते वाचले. मागच्या दोघांनी लावला नव्हता. चर्चा चालक आणि वेगावर बरीच झाली, पुलाच्या तोंडाशी अरुंद होणाऱ्या रस्त्यावर आणि मागच्या पट्ट्यावर थोडी कमी.

2021 पासून पोलीस मोबाइल ॲपवर अपघाताची जागा अक्षांश-रेखांशासह नोंदवू लागले आहेत आणि पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. जागा नेमकी कळली की रस्त्याचा दोषही दिसू लागतो.

प्रश्न : गावाजवळ महामार्गाच्या दुभाजकात मोकळी जागा आहे, तिथून लोक पलीकडे जातात. दर वर्षी बळी जातात. गतिरोधक मागितला तर मिळत नाही. काय करावं? (ग्रामपंचायत सदस्य, धाराशिव-सोलापूर पट्टा)

गतिरोधक मागू नका. राष्ट्रीय महामार्गावर ते बसवत नाहीत, आणि ते बरोबर आहे. भरधाव ट्रकला अचानक उंचवटा दिसला की तो ब्रेक मारतो आणि मागचा त्याच्यात घुसतो. त्याऐवजी जागा ‘अपघातप्रवण स्थळ’, म्हणजे ब्लॅक स्पॉट, म्हणून नोंदवून घ्या. राष्ट्रीय महामार्गासाठी निकष ठरलेला आहे. सुमारे 500 मीटरच्या टप्प्यात मागच्या तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा एकूण दहा मृत्यू.

अर्ज फसतात ते इथेच. गावाला सगळे अपघात तोंडपाठ असतात, पण निम्म्यांची एफआयआर झालेली नसते. झाली तर जागा ‘अमुक गावच्या शिवारात’ एवढीच लिहिलेली, आणि शिवार चार किलोमीटर लांब. म्हणून पोलीस ठाण्यातून तीन वर्षांची यादी घ्या. त्यात तारीख, गुन्हा क्रमांक, मृत व जखमी, वाहनांचे प्रकार आणि महामार्गाचा किलोमीटर दगड हवा. पुढचा अपघात झाला तर पंचनाम्यात किलोमीटर आणि मीटर लिहून घेण्याचा आग्रह धरा. यादीसोबत जागेचे दोन फोटो जोडा, एक दिवसाचा, एक रात्रीचा. ग्रामसभेचा ठराव जोडून हे सगळं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या. एक प्रत महामार्ग प्राधिकरणाच्या प्रकल्प संचालकांना पाठवा. रस्ता राज्य महामार्ग असेल तर ती प्रत सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांना जाईल.

मागणी दोन टप्प्यांत करा. लगेच होण्यासारखं म्हणजे आडव्या जाड पांढऱ्या पट्ट्या, ज्यांवरून चाक गेलं की खडखडाट होतो, शिवाय आगाऊ फलक, दिवे, आणि दुभाजकातली मोकळी जागा बंद करणं. पुढचं म्हणजे भुयारी मार्ग आणि सेवारस्ता. एक मात्र स्पष्ट बोलायला हवं. मोकळी जागा बंद केली आणि वळण्याची सोय दोन किलोमीटरवर राहिली, तर दुचाकीवाले उलट्या दिशेने येणारच, आणि दुभाजक पुन्हा फोडला जाणार. म्हणून सेवारस्त्याशिवाय नुसतं बंद करण्याला ठरावात संमती देऊ नका.

प्रश्न : समृद्धी महामार्गावर ना सिग्नल, ना गुरं, ना समोरून येणारी गाडी. तिथे अपघात कशाने होतात? काँक्रीटवर टायर फुटतात म्हणून हवा कमी ठेवावी, हे खरं का? (टुरिस्ट गाडीचे चालक, छत्रपती संभाजीनगर)

हवा कमी ठेवू नका, टायर त्यानेच फुटतो. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेरीला जास्त वाकते, वाकून तापते, आत रबर आणि तारा सुटू लागतात. ताशी 120 वर हे फार झपाट्याने होतं. चालकाच्या दाराच्या चौकटीवर हवेचा आकडा लिहिलेला असतो, भरलेल्या गाडीसाठी वेगळा. तो टायर थंड असताना, म्हणजे निघण्यापूर्वी, भरा. दोन तास चालवून पेट्रोल पंपावर मोजलं तर आकडा चार-पाच पीएसआयने जास्त दिसतो. तेव्हा हवा सोडायची नाही. नायट्रोजन भरला म्हणून हे तपासणं चुकत नाही.

टायरवर चार अंक असतात. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी ठीक दिसली तरी सहा वर्षांपुढचा टायर अशा रस्त्यावर नेऊ नये. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरवर आली की कायद्यानेही तो बाद. बाजूला फुगवटा दिसला तर त्याच दिवशी बदला, आणि स्टेपनीही तपासा. टायर फुटलाच तर ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, वेग पडल्यावर डावीकडे घ्या.

टायरइतकीच मोठी गोष्ट झोप. 701 किलोमीटर सरळ आणि एकसारखा रस्ता, डोळ्यांना नवं काही नाही, त्यामुळे डोळे उघडे असूनही मेंदू मंदावतो. 120 च्या वेगाने एका सेकंदात गाडी 33 मीटर जाते, तीन सेकंदांची डुलकी म्हणजे 100 मीटर. खिडकी उघडणं, गाणी लावणं, तंबाखू चघळणं याने झोप जात नाही, गेल्यासारखी वाटते. दर दोन तासांनी उतरा. डोळे जड झाले तर पंधरा-वीस मिनिटं झोपा. पहाटे दोन ते पाच या वेळेत गाडी चालवायचं टाळलेलं बरं. 1 जुलै 2023 रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी गेले. रात्रीच्या बसमध्ये बसताना आपत्कालीन दरवाजा आणि काच फोडायची हातोडी कुठे आहे ते बघून घ्या. बस दरवाजाच्या बाजूला पडली तर तेवढंच उरतं.

प्रश्न : गळीत हंगामात ट्रॉलीला रेडियम लावतो तरी मागून दुचाकी धडकतात. (ट्रॅक्टरमालक, वाळवा)

बाजारात मिळणारं बरंच रेडियम फक्त चमकणारा कागद असतो. ‘एआयएस-090’ छापलेली परावर्तक पट्टी घ्या, पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. रात्री 50 मीटरवर उभं राहा, टॉर्च डोळ्याच्या पातळीवर धरा आणि बघा. पट्टी स्वतः पेटल्यासारखी दिसली पाहिजे. दुसरी अडचण अशी की ऊस मागे लोंबतो आणि पट्टी झाकतो, आणि आठवड्याभरात तिच्यावर चिखल बसतो. म्हणून मोळ्यांच्या वरून एक लाल पट्टीचं कापड बांधा आणि कारखान्यावर नंबर लागेपर्यंत पट्ट्या पुसून घ्या. दोन ट्रॉल्या असतील तर मागचीला वेगळा दिवा हवा.

बंद पडलेली ट्रॉली रस्त्यावरच उभी करून मागे दगड आणि झाडाची फांदी ठेवणं यात माणसं मरतात. शिवाय ट्रॉली निघून गेली तरी दगड तिथेच राहतो. परावर्तक त्रिकोण किमान 50 मीटर मागे ठेवा, महामार्गावर 100.

प्रश्न : तीन वर्षांच्या मुलाला स्कूटरवर हेल्मेट लागतं का? (गृहिणी, डोंबिवली)

लागतं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी हेल्मेट, चालकाशी जोडणारा पट्टा आणि ताशी 40 च्या आत वेग, असा नियम 15 फेब्रुवारी 2023 पासून आहे. चारच्या वर तर हेल्मेट सक्तीचंच. मुलाला पुढे उभं करू नका. मोठ्यांसाठी आयएस 4151 चा आयएसआय शिक्का बघा. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जातील इतकाच सैल हवा. एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून शाबूत दिसलं तरी आतला थर्मोकोलसारखा थर दबलेला असतो, ते बदला.

प्रश्न : जखमीला दवाखान्यात नेलं तर पोलिसांचा ससेमिरा लागतो का? (दुकानदार, चिपळूण)

मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ नुसार मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. 108 किंवा 112 लावा, राष्ट्रीय महामार्गावर 1033. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, पाणी पाजू नका, मान वळवू नका, गाडीत कोंबण्याची घाई करू नका. मे 2025 पासूनच्या योजनेत जखमीवर नोंदणीकृत रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता होतात. नातेवाइकांना हे सहसा माहीत नसतं, त्यांना सांगा.

धडक देऊन वाहन पळून गेलं असेल तर मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजारांची भरपाई तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात अर्ज करून मागता येते. वाहन सापडलं असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावायचा, त्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. तेराव्यानंतर बघू म्हणत ती संपते. एफआयआर, पंचनामा, विमा पॉलिसीचा क्रमांक आणि दवाखान्याची कागदं पहिल्याच आठवड्यात गोळा करा.