जे मला लिहिले, तेच मंडळीला लिहा

पत्र: आदरणीय ताई, सप्रेम सलाम. आम्ही मूळचे अहिल्यानगर जिल्ह्यातले. साडेतीन वर्षांपूर्वी आमच्या मंडळीने (चर्चने) मला आणि माझ्या यजमानांना मेळघाटातल्या धारणी तालुक्यात, कोरकू आदिवासींच्या एका गावात ख्रिस्ती सेवेसाठी पाठवले. यजमान महिन्यातले वीस दिवस गावोगाव फिरतात. मी शिवणवर्ग चालवते, पण बाया आपसांत कोरकूत बोलून हसतात आणि मला काही कळत नाही. नऊ वर्षांची मुलगी परतवाड्याला वसतिगृहात आहे आणि दर रविवारी फोनवर रडते. मंडळीची मदत कधी येते, कधी येत नाही. दर तीन महिन्यांच्या अहवालात ‘कार्य वाढत आहे’ असे मीच लिहिते आणि लिहून झाल्यावर रडते. परत जावेसे वाटते, आणि तसे वाटणे हेच पाप वाटते. मी काय करावे? — एक सेविका

ताई, सलाम.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा अहवालाच्या वाक्यावर अडखळले. भाषा, पैसा, मुलगी हे तिन्ही प्रश्न मोठे आहेत. परंतु त्यांवर काही करू शकतील अशी जी माणसे आहेत, ती तिकडे अहिल्यानगरला बसून तुमचा आनंदाचा अहवाल वाचत आहेत आणि सगळे ठीक चालले आहे अशा समजुतीने निश्चिंत आहेत. जंगलाने तुम्हाला थकवले असेलच, पण अधिक थकवले आहे ते या दोन हिशेबांनी: एक जगायचा आणि एक कळवायचा. म्हणून परत जावे की राहावे, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. आधी खरा अहवाल लिहा. त्यात काय लिहावे, याविषयीच मी खाली सांगते.

पहिली गोष्ट भाषेची, कारण तिथे मी स्वतः पोळले आहे. परिचारिका म्हणून मी मेळघाटात बारा वर्षे काढली. सुरुवातीला कोरकू बायांशी मी मोठ्या आवाजात मराठी बोलत असे, जणू त्यांना ऐकू कमी येत होते. मग चार शब्द शिकले, तर त्या हसू लागल्या. वर्षभराने एका अंगणवाडी सेविकेने कारण सांगितले: अंगणात पंधरा जणी बसलेल्या असत आणि मी त्यांना ‘तुम्ही दोघी’ असे संबोधत होते. कोरकूत संस्कृतासारखे द्विवचन आहे. शिवाय आपल्या ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांच्यातला भेद त्या भाषेतही आहे, आणि तो दोघांसाठी वेगळा, अनेकांसाठी वेगळा. मराठी किंवा हिंदीच्या आधाराने ही भाषा येत नाही, कारण तिचे नाते झारखंडातल्या संथाली आणि मुंडारीशी आहे; शेजारची गोंडीदेखील द्राविडी कुळातली, म्हणजे तीही परकीच. 2011 च्या जनगणनेत कोरकू बोलणारे 7 लाखांहून अधिक होते, तेव्हा ही कोणा मूठभरांची बोली नव्हे. तुम्हाला साडेतीन वर्षांत ती आली नाही यात तुमच्या बुद्धीचा दोष नाही. ती शिकायला मंडळीने तुम्हाला वेळ आणि पैसाच दिला नाही, हा दोष आहे, आणि तो अहवालात यायला हवा.

उपाय साधा आहे. सहा महिने शिवणवर्ग आठवड्यातून दोनच दिवस ठेवा. उरलेल्या दिवशी रोज एक तास गावातल्या एखाद्या आजीबाईकडे किंवा दोन्ही भाषा येणाऱ्या अंगणवाडी सेविकेकडे शिकायला बसा आणि त्या तासाचे पैसे तिला द्या. फुकट शिकू नका. पैसे देणारी विद्यार्थिनी झालात की देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या जागा बदलतात आणि तुमच्या चुका सुधारायचा त्यांना हक्क मिळतो. परवानगी घेऊन त्यांचे बोलणे फोनमध्ये रेकॉर्ड करा आणि रात्री ऐका. दारापुढून वाहणाऱ्या सिपनाचे नाव तुम्ही रोज घेत असाल. सिपना म्हणजे कोरकूत सागवान. सुरुवात तिथूनच करता येईल. होळीला सुट्टी घेऊन गावाबाहेर जाऊ नका, कारण कोरकूंचा तो सर्वांत मोठा सण असतो आणि त्या दिवसांत फगवा, म्हणजे होळीची भेट, मागायला येणाऱ्यांना दारात हसतमुख माणूस सापडले, तर ते वर्षभर लक्षात ठेवतात. मृतांच्या स्मरणार्थ उभे केलेले चंद्र-सूर्य कोरलेले लाकडी मुंडे दिसतील. त्यांवर मत देण्याची घाई करू नका. तो कोणाचा आजा, कोणाचा बाप, एवढे विचारा आणि ऐका.

तुमच्याआधी विदर्भात आलेल्या एका परक्या माणसाची आठवण इथे सांगावीशी वाटते. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 साली नागपुरात आले. शाळा चालवता चालवता ते खडक अभ्यासत, जुन्या शिळावर्तुळांचे उत्खनन करत, गोंडांची गाणी आणि शब्द उतरवून घेत. 1863 साली टाकळघाटजवळचे असेच काम आटोपून परतताना एका ओढ्यात बुडून त्यांचा अंत झाला. त्यांचे कागद 1866 साली इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी छापून आणले. त्या 18 वर्षांत किती जणांचा बाप्तिस्मा झाला, हे आज नागपुरात कोणी विचारत नाही. गोंडांचा अभ्यास करणाऱ्याला मात्र त्या कागदांपाशी यावेच लागते. तुमच्या तिमाही तक्त्यात ‘ऐकून घेतलेली गाणी’ असा रकाना नसणार. तुम्ही स्वतः तो जोडा.

आता यजमानांविषयी. महिन्यातले वीस दिवस फिरतीवर असणाऱ्या माणसाला घरातले रडणे ऐकू येत नाही. त्याला ते सांगावे लागते. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण तुम्हाला परके नसेल. ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधली वर्षे त्यांनी फार सोसले. पण नवऱ्याच्या पाचारणामागे, म्हणजे देवाने त्याला दिलेल्या हाकेमागे, त्या फरफटत गेल्या नाहीत, स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळी आल्या. यजमानांच्या कार्यात तुम्ही मदतनीस आहात, की तुम्हालाही वेगळे पाचारण आहे, हे दोघांनी एका संध्याकाळी शांतपणे बोला. (प्रेषित पौलाचा हातव्यवसाय तंबू बनवण्याचा होता, हे यजमानांना जरूर आठवून द्या. शिवणयंत्र काही दुय्यम सेवा नव्हे.)

मुलीच्या बाबतीत मी आडपडदा ठेवत नाही. नऊ वर्षांची मुलगी दर रविवारी रडत असेल, तर तिला घरी आणा. गावात शाळेची सोय नसेल तर बिऱ्हाड धारणीला हलवा, तिला तिथल्या शाळेत घाला, आणि गावात तुम्ही जाऊन-येऊन काम करा. यामुळे तुमचे कार्य कमी होईल, हे मला माहीत आहे. ते कमी होऊ द्या. सेवेसाठी लेकरू दूर ठेवल्याची साक्ष सभेत टाळ्या मिळवते, पण परतवाड्याच्या फोनवर ती टाळी ऐकू येत नाही.

पैशांचे थोडक्यात. मंडळीने दरमहा ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला द्यावी आणि घरखर्च व कार्याचा खर्च यांची खाती वेगळी असावीत, ही मागणी लेखी करा. परदेशातल्या कोणी कार्यासाठी पैसे देऊ केले तर ते स्वतःच्या खात्यात कदापि घेऊ नका. परदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच ती घेता येते. 2020 च्या दुरुस्तीनंतर ती आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात यावी लागते आणि घेणाऱ्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. आजारपणासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रेशन कार्ड हातात घेऊन करा. म्हातारपणासाठी काही बाजूला पडते का, हेही विचारा. आयुष्यभर सेवा करून निवृत्तीच्या दिवशी भाड्याची खोली शोधणारे सेवक मी पाहिले आहेत.

कायद्याचेही भान ठेवा. संविधानाच्या कलम 25 प्रमाणे धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. आणि 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. धारणीहून मध्य प्रदेशची हद्द जवळ आहे आणि तिथला कायदा वेगळा आहे, तेव्हा यजमानांनी हद्द ओलांडण्याआधी अमरावतीच्या एखाद्या वकिलाकडून दोन्हीकडची आजची स्थिती समजून घ्यावी. शिवणवर्ग सर्वांना खुला ठेवा, वही नीट ठेवा, सरपंच आणि पोलीस पाटील यांना काय चालते ते माहीत असू द्या. मदतीच्या बदल्यात कोणाकडून काही अपेक्षू नका, आणि मुलांचे फोटो देणगीदारांना पाठवू नका. साप चावलेल्या माणसासाठी प्रार्थना करायची असेल तर ती धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे निघालेल्या 108 च्या गाडीत करा. दवाखान्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते.

विश्रांतीबद्दल एवढेच, की तिची वेळ गावाच्या वेळापत्रकातून निवडा. दिवाळीनंतर निम्मे गाव मजुरीसाठी सपाटीवर उतरते. त्या काळात तिघांनी महिनाभर माहेरी जा आणि त्या महिन्यात एकाही सभेत बोलू नका. परतल्यावर मोह वेचण्याच्या दिवसांत पहाटे बायांबरोबर रानात जा. भाषा तिथे जेवढी येईल तेवढी वर्गात येणार नाही. त्या मोसमानंतरही परत जावेसे वाटले, तर निर्मळ मनाने जा. ते पाप नाही.

अहवाल याच आठवड्यात लिहा आणि पाठवण्यापूर्वी यजमानांना वाचायला द्या. सुरुवात कशी करावी हे सुचत नसेल, तर मला पाठवलेल्या पत्रातले ‘मी शिवणवर्ग चालवते’ पासून ‘लिहून झाल्यावर रडते’ पर्यंतचे सगळे जसेच्या तसे उतरवून काढा.