दाराचं तोरण, कोपऱ्यातले तुरे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गेल्या पाडव्याला रानातली ज्वारीची कणसं आणून दाराला तोरण बांधलं. रोज उंबऱ्यावर दाण्यांचा सडा पडायचा आणि पावसाळ्यात त्यात सोंडे झाले. तोरण टिकणारं कसं करावं? (जुळे सोलापूर)

उत्तर : तुम्ही बहुधा खुडणीच्या वेळची कणसं आणली असावीत. आपल्याकडे शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, उपटून रानात वाळत टाकतात आणि मग कणसं खुडतात. मळणीला तेच हवं असतं, कारण दाणा लगेच सुटतो. तोरणाला मात्र नेमकं तेच नको. उपटणीच्या थोडं आधी रानात जा. कणीस शेंड्याकडून खाली पिकत येतं, म्हणून बुडाचा दाणा काढून पाहा. त्याच्या टोकाशी काळा ठिपका दिसला आणि ताट, म्हणजे ज्वारीचा दांडा, अजून हिरवट असलं, की कणीस तोडायचं. त्याआधी तोडलं तर दाणा सुरकुततो, बुरशीही धरते. कणसाखाली वीतभर ताट ठेवाच, नाहीतर बांधायला काही उरत नाही.

आठ-दहा कणसांची जुडी करून ती सावलीत, वाऱ्यावर उलटी टांगा. जुडीला दोऱ्याऐवजी रबर लावा. ताट वाळताना आकसतं, दोरा सैल पडतो आणि मधली कणसं सटकतात. सोलापूरच्या फेब्रुवारी-मार्चच्या हवेत दहा-बारा दिवस पुरतात. ताट वाकवल्यावर कट्कन मोडलं, की वाळलं समजा. उन्हात टाकण्याची घाई नको, रंग उडतो.

सोंड्यांची अंडी दाण्याच्या आतच असतात, त्यामुळे वरून झटकून उपयोग नाही. पूर्ण वाळलेली कणसं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. ती खोलीइतकी गरम होऊ द्या, नाहीतर गार दाण्यांवर दव धरतं आणि सगळी मेहनत बुरशीला जाते. कीटकनाशक अजिबात मारू नका. चिमण्या त्या तोरणावर येणारच.

तीन फुटी दाराला साडेचार फूट सुतळी घ्या आणि दोन्ही टोकांना नऊ-नऊ इंच मोकळी सोडा. दर तीन इंचांवर तीन कणसांचा एक झुबका धरला, तर तेरा झुबके होतात, म्हणजे ३९ कणसं. मोडतोडीसाठी पाच-सहा जास्त असू द्या. बांधण्याआधी फक्त ताटं अर्धा तास पाण्यात बुडवा, म्हणजे न चिरता वळतात. कणसाला पाणी लागू देऊ नका. गाठीवर मक्याच्या वाळक्या सोलपटाची पट्टी कोमट पाण्यात भिजवून गुंडाळली, की सुतळी झाकते. पावसाची झड येणारं दार असेल, तर मृगाआधी तोरण उतरवून घरात घ्या.

प्रश्न : आंब्याच्या पानांचं तोरण दुपारीच गुंडाळून जातं. (अक्कलकोट)

उत्तर : कोवळी, पोपटी-तांबूस पानं घेतली असतील. जून, गडद हिरवी पानं सकाळी लवकर तोडा, दोन तास देठ पाण्यात ठेवा आणि पुसून मगच ओवा. तरी पाडव्याच्या उन्हात दोन दिवसांपलीकडे अपेक्षा नको. कडुलिंबाच्या डहाळीला तर इलाजच नाही, सुकली की पानं झडतात. ती त्या दिवशीच ताजी लावावी.

प्रश्न : उसाचे तुरे घागरीत ठेवले होते, घरभर म्हातारीसारखा कापूस उडाला. (पंढरपूर)

उत्तर : पूर्ण फुललेला तुरा बी सोडायच्या बेतात असतो, तो कशानेही थांबत नाही. तुरा नुकताच बाहेर पडून चकाकत असतो आणि हाताला रेशमासारखा लागतो, तेव्हाच तीन फूट दांड्यासकट कापा आणि दोन आठवडे उलटा टांगा. वाळल्यावर अंगणात नेऊन हातभर अंतरावरून हेअरस्प्रेचा हलका फवारा मारला, तर उरलासुरला कापूसही बसतो. मात्र हे तुरे कापरासारखे पेटतात. देवघर आणि दिवाळीच्या पणत्यांपासून लांबच ठेवा.