जहाज ‘पाडाव’ झाले म्हणजे बुडाले का?

प्रश्न असा आला आहे: आंग्र्यांच्या आरमाराबद्दल वाचताना ‘इंग्रजांचे जहाज पाडाव झाले’ असे वाक्य सापडले. म्हणजे जहाज बुडाले, हरले की पकडले गेले?

पकडले गेले. तोफा-दारूगोळ्यासकट हाती लागले.

गोंधळ होणे साहजिक आहे. आज हा शब्द मुख्यतः क्रिकेट आणि निवडणुकांच्या बातम्यांत भेटतो. ‘भारताने ऑस्ट्रेलियाचा पाडाव केला’ म्हणजे नुसता पराभव. शिवाय कानात ‘पाडणे’ असतेच, त्यामुळे जहाज थेट तळाशी गेल्यासारखे वाटते. बखरींत मात्र हत्ती, घोडे, उंट, माणसे सगळेच ‘पाडाव’ होतात, म्हणजे लढाईत जिवंत हाती लागतात. फरक वाक्यरचनेतही दिसतो: आज आपण ‘शत्रूचा पाडाव केला’ म्हणतो, जुन्या लिखाणात बहुधा ‘घोडे पाडाव केले’ असे येते. ‘पाडाव’च्या लगेच आधी षष्ठीचा ‘चा’ नसेल, तर वस्तू हस्तगत झाली असे खुशाल समजावे.

जहाजांच्या बाबतीत हा अर्थ फार नेमका बसतो. लाकडी जहाज तोफांच्या माऱ्याने सहसा बुडत नसे, आणि बुडवण्यात कुणाला रसही नसे. अख्खे जहाज फुकट मिळत असताना ते कोण घालवील? आंग्र्यांच्या गुराबा, म्हणजे लढाऊ जहाजे, शत्रूच्या पिछाडीने येत. मोठ्या जहाजाच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींना असत, मागे मारा तोकडा. गुराबेच्या नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या, तोफा त्याची शिडे आणि डोलकाठ्या निकामी करत. वारा पडला असेल तर वल्ह्यांची गलबते चहूकडून भिडत आणि माणसे तलवारी घेऊन वर चढत.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या आरमारातले ‘रेस्टोरेशन’ हे जहाज तुळाजी आंग्र्यांनी असेच पाडाव केले. पुढचा भाग जास्त बोलका आहे. फेब्रुवारी 1756 मध्ये ॲडमिरल वॉटसनने विजयदुर्गावर समुद्रातून हल्ला चढवला, बरोबर क्लाइव्ह आणि त्याची पलटण. जमिनीकडून पेशव्यांची फौज होती. (नानासाहेबांच्या या कारभारावर बोलायला लागलो तर शब्दचर्चा बाजूला राहील.) 12 तारखेला इंग्रजांचा एक गोळा किल्ल्याजवळ नांगरलेल्या जहाजांत पडला आणि ज्या जहाजाने पेट घेतला ते नेमके ‘रेस्टोरेशन’! जहाजे एकमेकांना बांधलेली होती. आग एकावरून दुसऱ्यावर गेली आणि आंग्र्यांचे जवळजवळ सगळे आरमार त्यात जळाले. दुसऱ्या दिवशी किल्लाही गेला.

म्हणजे ‘रेस्टोरेशन’ पाडाव झाले ते आंग्र्यांच्या हातून, आणि संपले ते इंग्रजांच्याच गोळ्याने. या दोन घटनांना ‘पराभव’ हा एकच शब्द वापरला तर मधला सगळा काळ, जेव्हा ते तुळाजींचे जहाज होते, वाक्यातून गळून जातो. म्हणून इतिहासावर लिहिताना तरी ‘पाडाव’ जुन्या अर्थाने जरूर वापरावा, असे माझे मत. ‘ताब्यात घेतले’ चुकीचे नाही, पण ते पोलिसांनी वाळूचा ट्रक धरल्यासारखे वाटते. किल्ल्यांसाठी मात्र ‘सर करणे’, ‘काबीज करणे’ हेच बरे.

जाता जाता, ‘पडाव’ हा वेगळा शब्द. कोकणात ते एका शिडाच्या होडीचे नाव आहे. तेव्हा ‘पाडाव केलेला पडाव’ ही मुद्रणदोषाची द्विरुक्ती नाही, मुद्रितशोधकांनी कृपया काना खोडू नये.