चौदा युरोंची बाटली आणि तिच्यावरचे तीनशे वीस

प्रश्न, थोडक्यात: मी स्टुटगार्टला राहतो. वय ३४, घरी बायको आणि तीन वर्षांची मुलगी. महिन्याला ३,६०० युरो हातात येतात. सिगारेट तीन वर्षांपूर्वी सुटली, आता व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढतो. महिन्याला १२० मिली लिक्विड लागतं आणि जानेवारीपासून दुकानातले भाव परवडेनासे झालेत. युरोपबाहेरच्या एका साइटवर एक लिटर बेस (ज्यात फ्लेवर मिसळून लिक्विड बनतं ते मूळ द्रव) १४ युरोंना मिळतो. तीन लिटर बेस, फ्लेवर आणि टपाल धरून १३० युरो. विक्रेता पार्सलवर ‘कॉस्मेटिक ग्लिसरीन’ असं लिहून पाठवतो. दोन वर्षांची बेगमी होईल आणि महिन्याला वाचणारे ४५ युरो मुलीच्या नावाने ईटीएफमध्ये (शेअर बाजारातल्या फंडात) टाकेन. नागरिकत्वाचा अर्ज फेब्रुवारीत दिलाय. गेल्या वर्षी घर घेताना ३ लाख युरोंचा टर्म विमाही ‘नॉन-स्मोकर’ म्हणून काढलाय, म्हणजे बाकीची बाजू पक्की आहे. ऑर्डर देऊ का?

उत्तर: नका देऊ. पण ‘बेकायदा आहे, सोडा’ एवढंच सांगितलं तर तुम्ही दुसरी साइट शोधाल, म्हणून आधी हिशोब मांडतो.

जर्मनीत लिक्विडवर तंबाखू कर लागू झाला १ जुलै २०२२ ला. सुरुवात मिलीलिटरमागे १६ सेंटने झाली, २०२४ मध्ये २० झाले, २०२५ मध्ये २६, आणि १ जानेवारी २०२६ पासून ३२. लिक्विडमध्ये निकोटिन नसलं तरी तो लागतो, व्हेपसाठी विकल्या जाणाऱ्या नुसत्या बेसवरही लागतो. वर १९ टक्के व्हॅट, तोही करासकट किमतीवर. तुमच्या १२० मिलीवर हे महिन्याला ४५ युरो ७० सेंट होतात, वर्षाला ५४८.

आता तुमचे ईटीएफवाले ४५ युरो आठवा. आकडा तोच आहे. ती साइट स्वस्त नाही आणि तुमचा दुकानदार लुटारू नाही. तुम्ही जिला बचत म्हणताय ती सगळीच्या सगळी न भरलेला कर आहे. तोच माल रीतसर जाहीर करून मागवलात तर तीन लिटरवर ९६० युरो तंबाखू कर, मग माल, टपाल आणि कर यांच्या बेरजेवर व्हॅट, सुमारे २०७. म्हणजे १३० युरोंचं पार्सल १,३०० च्या घरात जातं. (पूर्वी २२ युरोंपर्यंतच्या पार्सलला व्हॅट माफ असायचा, ती सवलतही जुलै २०२१ मध्ये बंद झाली.) युरोपातल्याच दुसऱ्या देशातून मागवलं तरी बाटलीवर जर्मन कराची पट्टी लागते. पट्टी नसलेलं पार्सल जप्त होतं आणि कराचं बिल मागवणाऱ्याच्या दारात येऊ शकतं.

इथल्या कस्टम्सचं नाव त्सोल. आपली मंडळी सरळ ‘झोल’ म्हणतात आणि हसतात. पण झोल त्या लेबलात आहे. लेबल विक्रेत्याने लावलं, मला काय माहीत, असं म्हणायची सोय तुम्हाला नाही, कारण तो काय लिहिणार हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे. मग प्रकरण विसरलेल्या कराचं राहत नाही, करचुकवेगिरीचं होतं, आणि तो इथे फौजदारी गुन्हा आहे. मंडळातल्या मित्रांसाठी एकत्र मागवायचा विचार मनात आला असेल तर तोही काढून टाका. वाटपासाठी आणलेला माल ‘माझ्यापुरता’ राहत नाही.

पकडले गेलात तर काय होईल? लहान प्रकरणं पैसे भरून मिटतातही, उगाच घाबरवत नाही. पण दंड झालाच तर तो दिवसाच्या कमाईच्या पटीत मोजतात. निव्वळ पगाराचा तिसावा भाग म्हणजे एक दिवस, तुमच्या बाबतीत १२० युरो. नुसते वीस दिवस धरले तरी २,४०० युरो. वर्षाला ५४८ वाचवणाऱ्या माणसाची चार वर्षांची कमाई त्यात जाते, बुडवलेला कर तर वेगळा भरायचाच.

मला त्याहून जास्त काळजी फेब्रुवारीतल्या अर्जाची आहे. ९० दिवसांपर्यंतचा दंड नागरिकत्वाच्या आड येत नाही, हे खरं. पण चौकशी चालू असेपर्यंत अर्जावर निर्णयच होत नाही. ती चौकशी किती महिने चालेल हे तुमच्या हातात नाही, आणि अशा पार्सलपायी फाइल अडून राहिली तर बायकोला काय सांगणार?

आता ती ओळ, जी तुम्ही ‘बाजू पक्की आहे’ म्हणून सहज लिहून गेलात. ३ लाखांचा विमा, नॉन-स्मोकर. पॉलिसीचे कागद काढा आणि अर्जातला प्रश्न शब्दशः वाचा. बऱ्याच जर्मन कंपन्या ‘धूम्रपान’ विचारत नाहीत, ‘गेल्या बारा महिन्यांत निकोटिन घेतलं का’ असं विचारतात, आणि ई-सिगारेट त्यात नाव घेऊन असते. तसं असेल तर तुमचं उत्तर चुकलेलं आहे. चुकीच्या माहितीवरून करार बदलण्याचा किंवा मोडण्याचा कंपनीचा हक्क पाच वर्षं टिकतो, मुद्दाम लपवलं असेल तर दहा. तुम्हाला काही झालंच तर पैसे मागायला तुमची बायको जाणार, आणि ती रोज तुमच्या हातात व्हेप पाहत होती हे तिला लपवता येणार नाही. कंपनीला परस्पर पत्र लिहू नका. आधी फेरब्राउखरत्सेंट्रालेमध्ये, म्हणजे ग्राहक सल्ला केंद्रात, विम्याच्या सल्लागाराची वेळ घ्या. थोडी फी लागते, ती द्या. स्मोकर म्हणून हप्ता बराच वाढेल, दुप्पटही होऊ शकतो. तरी तो भरा. या वर्षी एकच खर्च करायचा असेल तर मी हा करेन.

ईटीएफची कल्पना मात्र छान आहे, पैसे दुसरीकडून काढू. हा कर मिलीलिटरवर आहे, निकोटिनवर नाही, आणि याचा फायदा फार थोडे लोक घेतात. महिन्याला १२० मिली म्हणजे तुमच्याकडे मोठे ढग सोडणारं मशीन असणार, कमी निकोटिनचं पातळ लिक्विड भरलेलं. सिगारेटसारखं ओढायच्या छोट्या पॉडमध्ये तेवढंच निकोटिन थोड्या लिक्विडमध्ये मिळतं. ४५ मिलीवर आलात तर कर ४५.७० वरून १७.१४ युरोंवर येतो. महिन्याला २८ युरो, एकही नियम न मोडता. वाचलेल्या लिक्विडची किंमत त्यात धरलेली नाही. मात्र यात निकोटिनची तीव्रता वाढते, तेव्हा बदल करण्याआधी डॉक्टरांशी बोला, तो माझा प्रांत नाही. सोडलंत तर ४५ चे ४५ सुटतात हे तुम्हाला माहीत आहे, त्यावर मी व्याख्यान देणार नाही.

दिवाळीला पुण्याला जाणार असाल तर मशीन स्टुटगार्टलाच ठेवा. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटच्या आयातीवर, विक्रीवर, साठ्यावर बंदी आहे. आयात किंवा विक्रीच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तिथे कर भरून सुटायची वाटच नाही.

ऑर्डर अजून कार्टमध्येच पडली असेल तर ती काढून टाका आणि त्या १३० युरोंमधून सल्लागाराची फी भरा. विम्याच्या अर्जातलं ते पान मला पाठवा, सल्लागाराकडे जाण्याआधी त्याला काय काय विचारायचं ते लिहून देतो.