पायाच्या रक्तवाहिनीच्या बायपासनंतर बाबांच्या पायाची नाडी लागते, तरी अंगठ्याची जखम भरत नाहीये. कातडीतला रक्तपुरवठा मोजता येतो का?

येतो, आणि बाबांना शुगर असेल तर नक्की मोजून घ्या. मी वाशीला व्हॅस्क्युलर लॅबमध्ये (रक्तवाहिन्या तपासतात तिथे) टेक्निशियन आहे, घोट्याचं प्रेशर मस्त येतं पण शुगरवाल्यांच्या रक्तवाहिन्या कडक झालेल्या असतात त्यामुळे तो आकडा फसवा निघू शकतो, आणि मोठी वाहिनी उघडली म्हणजे बोटाच्या कातडीपर्यंत रक्त पोचलंच असं नाही. म्हणून पायाच्या बोटाचं प्रेशर घ्यायला सांगा, जमलं तर टीसीपीओटू, म्हणजे कातडीतल्या ऑक्सिजनची टेस्ट पण. त्यात पावलावर रिंग चिकटवतात, आत दोन-तीन थेंब लिक्विड टाकून सेन्सर बसवतात, तो साधारण ४४ डिग्रीला तापतो नि कातडीतून येणारा ऑक्सिजन मोजतो, पंधरा-वीस मिनिटं हलायचं नाही, नंतर लाल गोल डाग दिसतो तो जातो. टीसीपीओटूचा आकडा ३० (एमएमएचजी) च्या खाली असेल तर जखम भरणं अवघड, ४० च्या वर असेल तर बरीच आशा. पण ऑपरेशननंतर लगेचच्या आकड्यावर जाऊ नका, सूज असते, आकडा चढायला कधी तीन-चार आठवडे लागतात. ठाण्याहून एसी गाडीतून आलात तर आधी पाय उबदार होऊ द्या. आणि बोट काळं पडायला लागलं किंवा पाय अचानक गार पडला तर टेस्टबिस्ट राहू दे, सर्जनला लगेच गाठा.